किती मारले, हे ज्याच्याबद्दल विचारायचं नसतं

युद्धात गेलेल्या जवानाची आठवण काढायची आपली एक ठरलेली रीत आहे. चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर वर्दीतला फोटो, मागे फडकता तिरंगा, कोपऱ्यात मशीनगन नाहीतर रणगाडा. मग भाषणं होतात आणि त्यात एक आकडा हमखास येतो: पठ्ठ्याने एकट्याने शत्रूच्या इतक्या जणांना कंठस्नान घातलं. बंदूक घेऊन लढलेल्या सैनिकासाठी ही रीत निदान त्याच्या कामाला धरून तरी असते. पण त्याच तुकडीत खांद्याला औषधांची पिशवी अडकवून गेलेला नर्सिंग असिस्टंट मारला गेला, की आपली पंचाईत होते. त्याने कोणाला मारलेलं नसतं. मग आपण काय करतो, तर त्याच्याही फोटोमागे मशीनगन लावून मोकळे होतो.

ही निव्वळ सजावटीतली चूक आहे असं मला वाटत नाही. जखमा बांधणाऱ्याला मरणानंतर लढवय्या करून टाकलं, की तो नेमका कशासाठी मेला हेच हातातून निसटतं. आणि त्याबरोबर असे काही प्रश्नही निसटतात, जे विचारणं आपल्याला सोयीचं नसतं.

नायक दीपक सिंग यांचंच बघा. मध्य प्रदेशातल्या रीवा जिल्ह्यातले, वय तीस, आर्मी मेडिकल कोअरचे नर्सिंग असिस्टंट, 16 बिहार बटालियनला जोडलेले. 15 जून 2020 च्या रात्री लडाखच्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत जे वीस भारतीय सैनिक मारले गेले, त्यांत ते होते. बटालियनचे प्रमुख कर्नल संतोष बाबू यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं, दीपक सिंग यांना वीरचक्र. त्यांच्या प्रशस्तिपत्रात काम स्वच्छ लिहिलेलं आहे. जखमींची संख्या वाढू लागली तसे ते प्रत्यक्ष झटापट चालली होती तिथे पुढे गेले, दगडांचा मार बसून स्वतः गंभीर जखमी झाले, तरी उपचार थांबवले नाहीत, आणि तीसहून अधिक भारतीय सैनिकांचे प्राण वाचवले. सरकारी कागद एरवी कोरडा असतो, पण इथे त्याने आपल्यापेक्षा जास्त इमानदारी दाखवली आहे. आपल्या बोलण्यात हे वीसही जण एकाच वाक्यात येतात: शत्रूशी झुंजताना धारातीर्थी पडले. पुढे 2023 मध्ये दीपक सिंग यांच्या पत्नी रेखा सिंग चेन्नईच्या अकादमीतून लष्करी अधिकारी होऊन बाहेर पडल्या, तेव्हा ते पुन्हा बातमीत आले. ती बातमी व्हायलाच हवी होती. पण 'गलवानच्या वीराची पत्नी' म्हणताना तो वीर तिथे काय करत होता, हे मी वाचलेल्या बहुतेक ठिकाणी एका ओळीच्या पुढे गेलं नाही.

तीस माणसं वाचवणं म्हणजे काय, हे जरा जवळ जाऊन बघायला हवं. उंची सुमारे चौदा हजार फूट. रात्रीची वेळ, तापमान शून्याखाली, शेजारी बर्फाच्या पाण्याची नदी. 1996 च्या भारत-चीन करारामुळे गोळीबार नाही, म्हणून हत्यारं म्हणजे दगड, लोखंडी गज, खिळे ठोकलेले दांडके. जखमा त्यामुळे फुटलेल्या डोक्यांच्या आणि मोडलेल्या हाडांच्या, शिवाय पाण्यात पडून भिजलेली माणसं. नर्सिंग असिस्टंट काही डॉक्टर नसतो. त्याच्या पिशवीत पट्ट्या असतात, रक्त थांबवायला आवळायचा पट्टा असतो, काही इंजेक्शनं असतात. बाकी सगळी भिस्त डोक्यात बसवलेल्या क्रमावर. आधी कोणाकडे जायचं? जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, हे त्याच्या ओरडण्यावरूनच कळतं. जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी. वाहतं रक्त दाबून धरायचं, मान हलू द्यायची नाही, बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवायचा म्हणजे उलटी श्वासनळीत जात नाही, ओले कपडे उतरवून मिळेल ते कोरडं गुंडाळायचं. थंडी इथे नुसती गैरसोय नसते. शरीराचं तापमान उतरलं की रक्त गोठण्याची क्रियाच मंदावते. बाहेर सगळं गोठत असतं आणि जखमेतलं रक्त मात्र थांबत नाही. हे सारं स्वतःची बोटं बधिर झालेली असताना करायचं. प्रशस्तिपत्रात हे बारकावे नाहीत, पण हे काम असंच असतं. आणि त्यातला सगळ्यात अवघड भाग औषधाचा नसतोच. एकाजवळून उठून दुसऱ्याकडे जायचं, म्हणजे पहिल्याला त्या अंधारात सोडून जायचं. हा निर्णय त्या रात्री किती वेळा घ्यावा लागला असेल?

शौर्य म्हणून याच्याहून वेगळं काही असतं, असं मला वाटत नाही. फक्त ते पोवाड्यात बसत नाही. पोवाड्याला समोर शत्रू लागतो. इथे समोर आपलाच माणूस असतो, आणि तो कण्हत असतो.

हे आजचं नाही. याच लडाखमध्ये 18 नोव्हेंबर 1962 च्या पहाटे चीनशी रेझांग लाची लढाई झाली. मेजर शैतान सिंग यांची चार्ली कंपनी, 13 कुमाऊँ. शंभराहून अधिक जवान तिथेच पडले आणि बर्फाखाली गेले. 1963 च्या फेब्रुवारीत शोधपथक वर पोचलं तेव्हा देह जसे पडले होते तसेच गोठलेले होते. कोणाच्या हातात बंदूक, कोणाच्या हातात फेकायचा राहून गेलेला हातबाँब. आणि मेडिकल कोअरचे नर्सिंग असिस्टंट धरमपाल दहिया यांच्या हातात सिरिंज आणि पट्टी. त्यांनाही वीरचक्र मिळालं. पण रेझांग ला म्हटलं की आपल्याला 'शेवटची गोळी, शेवटचा माणूस' एवढंच पाठ असतं. त्या लढाईत चिनी किती मेले यावर अजूनही हमरीतुमरी होते. दहियांनी त्या पहाटे किती जणांच्या जखमा बांधल्या, हा प्रश्न कोणी काढल्याचं मला आठवत नाही.

याला एक साधं व्यवस्थेतलं कारणही आहे, आणि ते कोणाच्या वाईटपणातून आलेलं नाही. आपल्या सैन्यात आठवण जपते ती रेजिमेंट. चार्ली कंपनी हरियाणातल्या अहीर जवानांची होती, आणि रेझांग लाची आठवण त्या समाजाने साठ वर्षं ज्या निष्ठेने सांभाळली तिला तोड नाही. मेडिकल कोअरचा जवान मात्र असा कोणा एकाचा नसतो. त्याचं केंद्र लखनौला, नेमणूक भलत्याच बटालियनला, मरण तिसऱ्याच ठिकाणी. बटालियनच्या लेखी तो जोडलेला माणूस आणि कोअरच्या लेखी दूरवर गेलेला. दोन घरचा पाहुणा उपाशी, असं त्याच्या आठवणीचं होतं.

यावर कोणी म्हणेल की पुरस्कार देणाऱ्यांची नजरच मारणाऱ्यांवर असते. ते पूर्ण खरं नाही. आजवरच्या एकवीस परमवीरचक्रांत मेडिकल कोअरचं एकही नाही, हे खरं. पण त्याच एकवीसांत आपले रामा राघोबा राणे आहेत. 1948 च्या एप्रिलमध्ये राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढून आणि अडथळे हटवून त्यांनी रणगाड्यांना रस्ता करून दिला, त्यासाठी त्यांना ते मिळालं. तेव्हा न मारता गाजवलेलं शौर्य ओळखता येतच नाही, असं नाही. ब्रिटिशांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या सगळ्या इतिहासात हे पदक दोनदा मिळालेले फक्त तीन जण आहेत आणि त्यांतले दोन सैन्यातले डॉक्टर आहेत. त्यांपैकी कॅप्टन नोएल शॅवास पहिल्या महायुद्धात स्वतः जखमी असताना दोन दिवस जखमींना शोधत, उचलून आणत राहिले आणि ऑगस्ट 1917 मध्ये बेल्जियममध्ये मरण पावले. ओळखायचं ठरवलं तर ओळखता येतं. आपल्याकडे अडतं ते पदकाच्या पुढे, लोकांच्या तोंडी आणि शाळेच्या पुस्तकात जाताना.

आता गैरसोयीच्या प्रश्नांकडे येतो.

पहिला प्रश्न कायद्याचा. 1949 च्या पहिल्या जिनिव्हा कराराप्रमाणे जो सैनिक केवळ जखमींना शोधणं, हलवणं आणि उपचार करणं या कामावर नेमलेला आहे, त्याच्यावर हल्ला करायचा नसतो. आत्मरक्षणासाठी आणि आपल्या जखमींच्या रक्षणासाठी त्याने हलकं शस्त्र बाळगलं तरी हे संरक्षण जात नाही. भारत आणि चीन दोघेही या कराराला बांधील आहेत. अंधारात, दगडफेकीत, माणसं एकमेकांत मिसळलेली असताना कोण वैद्यकीय आणि कोण नाही हे कळणं कठीण, हे मान्य. पण जखमींवर ओणवा होऊन काम करणारा माणूस मारला जातो तेव्हा निदान विचारायला तरी जागा असते, की हे युद्धाच्या नियमांत बसतं का? आपण त्याला 'शत्रूवर तुटून पडलेला वाघ' केला की ती जागाही आपल्याच हाताने बुजवतो. वाघ लढाईत मारला गेला तर तक्रार कसली करणार? ज्यांना शत्रूचा सर्वात जास्त राग आहे, त्यांनी खरं तर या मुद्द्यावर सर्वात जास्त आग्रही असायला हवं.

(त्या संरक्षणाची जी खूण आहे, पांढऱ्यावर लाल क्रॉस, तिची आपण काय किंमत ठेवली आहे हे कोणत्याही पार्किंगमध्ये दिसतं. आपल्याच 1960 च्या कायद्याने तिचा परवानगीशिवाय वापर करायला मनाई आहे. पण ती डॉक्टरांच्या गाड्यांवर असते, औषधांच्या दुकानांवर असते, खेळण्यातल्या डब्यांवरही असते.)

दुसरा प्रश्न जास्त टोचणारा आहे. गलवानबद्दल नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत असं आलं, की दीपक सिंग यांनी त्या रात्री जखमी चिनी सैनिकांवरही उपचार केले. प्रशस्तिपत्रात फक्त भारतीय जखमींचा उल्लेख आहे. ज्यांनी हे वाचलं त्यांतल्या काहींना ते आवडलं नाही, हे समजण्यासारखं आहे. ज्यांनी त्याला मारलं त्यांनाच त्याने वाचवलं, ही गोष्ट घरच्यांसमोर कोणत्या तोंडाने सांगायची? आणि तिचा उपयोग 'बघा, आपण किती उदार' असा शेखी मिरवायला होणार असेल, तर न सांगितलेलीच बरी.

तरीही ती सांगायला हवी, असं मला वाटतं, आणि ते उदारपणासाठी नव्हे. जखमींत आपला आणि परका असा भेद करायचा नाही, आधी कोणाकडे जायचं हे फक्त जखम ठरवते, हा त्याच्या कामाचा लेखी नियम आहे. तोच करार तसं सांगतो. सॉल्फेरिनोच्या 1859 च्या रणभूमीवर हजारो जखमी बेवारस पडलेले पाहून आँरी द्युनाँ या स्विस व्यापाऱ्याने जी खटपट सुरू केली, त्यातून 1864 चा मूळ जिनिव्हा करार झाला आणि हा नियम त्या मुळापासूनचा आहे. म्हणजे दीपक सिंग यांनी तसं केलं असेल, तर ती त्यांची भोळी दया नव्हती. शिकवलेलं काम त्यांनी सर्वात कठीण घडीला पूर्ण केलं. सैनिक हुकूम शेवटपर्यंत पाळतो याचं आपण कौतुक करतो ना, मग हाही हुकूमच होता.

आपल्या मराठी माणसाला हे पटायला फार लांब जावं लागू नये. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपानशी युद्ध चालू होतं. बाकीचे परतले, हे राहिले, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेत दाखल झाले, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि 9 डिसेंबर 1942 ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी अपस्माराच्या झटक्यांनी गेले. गोळीने नाही, पण युद्धाच्या त्या राबणुकीनेच म्हणायचं. सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्याचं त्यांच्याबद्दल सांगतात. ज्या सैन्याच्या जखमा त्यांनी शिवल्या, त्याच सैन्याच्या पुढच्या पिढ्या 1962 ला आणि 2020 ला आपल्यासमोर उभ्या होत्या. म्हणून कोटणीसांचं काम वाया गेलं, असं सोलापुरात तरी कोणी म्हणणार नाही.

कोटणीसांची आठवण मुत्सद्देगिरीत भरपूर वापरली गेली. चिनी नेते भारतात आले की त्यांच्या कुटुंबीयांना भेटायचे. संबंध बिघडले की हार सुकायचे. त्याचं मला फारसं अप्रूप नाही. मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. चीनमधल्या शिजियाझुआंग शहरात त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळा आहे आणि तिथून शिकून बाहेर पडणारी मुलं त्यांच्या पुतळ्यासमोर शपथ घेतात. गलवान घडलं त्याच 2020 साली तिथे त्यांचा ब्राँझचा नवा पुतळा बसवण्याची तयारी चालल्याची बातमी होती. चीनच्या सरकारबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, पण ही आठवण त्यांनी योग्य माणसांच्या हाती दिली आहे: जे तेच काम करणार आहेत त्यांच्या. आपल्याकडे नर्सिंगच्या किंवा पॅरामेडिकलच्या किती विद्यार्थ्यांना धरमपाल दहिया हे नाव ठाऊक असेल? परिचर्येच्या वर्गात फ्लॉरेन्स नाइटिंगेलची तसबीर असते, असायलाच हवी. तिच्या शेजारी भिंत रिकामी आहे.

तिसरा प्रश्न तर सगळ्यात कमी विचारला जातो, कारण तो विचारणं म्हणजे सैन्यावर संशय घेणं, असा समज आहे. गलवाननंतर सैन्याने स्वतःच्या निवेदनात सांगितलं होतं, की वीसपैकी सतरा जण गंभीर जखमी झाले होते आणि त्या उंचीवर शून्याखालच्या तापमानात त्यांनी प्राण सोडले. सतरा. म्हणजे जखम आणि मृत्यू यांच्यामध्ये काही वेळ होता. तो वेळ कमी करणं, त्या वेळात जखमीला ऊब देणं, खाली नेणं, हीच नर्सिंग असिस्टंटची लढाई असते. तो एकटा ती कितपत लढू शकतो, हे त्याच्या मागे काय उभं आहे यावर ठरतं. पहिलं उपचार केंद्र किती अंतरावर, हेलिकॉप्टर रात्री उतरू शकतं का, तुकडीतल्या इतर किती जवानांना रक्त थांबवायचं प्रशिक्षण आहे, गरम ठेवणारी आवरणं किती.

अमेरिकेने हे प्रश्न विचारून दाखवले. 2001 ते 2011 या काळात इराक आणि अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या स्वतःच्या 4,596 सैनिकांच्या नोंदी त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी एकेक करून तपासल्या आणि 2012 मध्ये निष्कर्ष छापले. जवळपास सत्त्याऐंशी टक्के मृत्यू रुग्णालयात पोचण्याआधीचे होते. त्यांतला सुमारे चौथा हिस्सा वाचू शकला असता आणि तिथे नव्वद टक्क्यांवर वेळा कारण एकच होतं: रक्तस्राव. त्याआधीच, 2009 मध्ये, त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनी अफगाणिस्तानात जखमीला साठ मिनिटांच्या आत हलवण्याचा दंडक घातला होता. स्वतःच्या मेलेल्या पोरांबद्दल 'हा वाचला असता' असं जाहीर छापायला जिगर लागते. त्या युद्धांबद्दल माझं मत अजिबात चांगलं नाही, पण ही फाईल उघडणं हा मला श्रद्धांजलीचाच प्रकार वाटतो. आपल्या सैन्यातही आतल्या आत असे आढावे होतच असणार. मी बोलतोय ते आपल्या, नागरिकांच्या, आठवणीबद्दल. फ्लेक्सवर वाघ काढला की हा प्रश्न डोक्यात येतच नाही, कारण वाघाला हेलिकॉप्टर लागत नाही.

एक आक्षेप मला स्वतःलाच अधूनमधून पटतो. तो असा: घरचा माणूस गेलेला असतो, घरच्यांना त्या फ्लेक्सने, घोषणांनी, मशीनगनसकट काढलेल्या मिरवणुकीने बळ मिळतं, मग बाहेरच्याने त्यात बारकावे का काढावेत? घरच्यांनी कसं आठवावं हे सांगायचा अधिकार मला नाही, कोणालाच नाही. पण चौक घरचा नसतो, पाठ्यपुस्तक घरचं नसतं. तिथे जे लागतं, छापलं जातं, ते पाहून एखादी अठरा वर्षांची मुलगी ठरवत असते की शूर म्हणजे कोण. तिला धाडसाचा हाही एक नमुना माहीत असायला हवा, ज्यात हाताला रक्त लागतं पण ते दुसऱ्याचं थांबवताना.

म्हणून माझी मागणी पुतळ्याची नाही. वीरचक्राच्या कागदावर 'तीसहून अधिक' असा आकडा आहे आणि तो आकडा माणसांचा आहे. ज्यांना दीपक सिंग यांनी त्या रात्री बांधलं, कुशीवर वळवलं, ओढत मागे आणलं, अशा माणसांचा. त्यांतले बरेच जण आज सैन्यात असतील, आणखी काही वर्षांत निवृत्त होऊन आपापल्या गावी पांगतील. रेझांग लाचं आपण असंच घालवलं. जे मोजके वाचले त्यांना गोळ्या किती उरल्या होत्या हे विचारलं, दहिया कोणाकडे आधी धावले ते राहून गेलं. गलवानचे साक्षीदार अजून तरुण आहेत. मेडिकल कोअरने, बिहार रेजिमेंटने किंवा एखाद्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाने परवानगी काढून त्यांना एकेक करून बसवावं आणि विचारावं: तो तुमच्याजवळ आला तेव्हा तुम्ही कुठे पडला होतात, त्याने आधी काय केलं, काय बोलला, आणि तुमच्याजवळून उठून तो कोणाकडे गेला?